हत्तीरावांचं नाव कितव्या ओळीत?

एका जंगलात, बाळांनो, कंप्युटर आला.

कसा आला, कुणी आणला, ते विचारू नका. ज्या गोष्टीत कासव बोलतं, तिथे कंप्युटर आला तर तुमचं काय गेलं? मांडी घालून गप बसा. चाळिशी ओलांडलेली बाळं मागे सरका, पुढच्या पोरांना तुमच्या पोटांमुळे दिसत नाही.

तर कंप्युटर आला आणि नदीकाठच्या वडाच्या ढोलीत बसला. जंगलाने नारळ फोडला. माकडाने नारळ खाल्ला. प्रगती झाली.

त्या जंगलातून नदी वाहायची. वाहायची म्हणजे, वरच्या जंगलाने पाणी सोडलं तर वाहायची. वरच्या जंगलात मोठं तळं होतं आणि तळ्याला दरवाजा होता. दरवाजा बंद असला की खाली नुसती वाळू.

त्या वाळूत टिटवीबाईने अंडी घातली.

टिटवी घरटं बांधत नाही. तिचं म्हणणं, बांधकाम काढलं की गवंडी आला आणि गवंडी आला की आयुष्य गेलं. ती वाळूत चार खडे इकडेतिकडे सरकवते आणि अंडी घालते. चार अंडी. टोकं आत, बुडं बाहेर. अशी रचली तरच चारही पोटाखाली मावतात. एक जरी उलटं बसलं तरी चौथ्याला ऊब मिळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. परीक्षेत नाही, गोष्टीत.

अंडी घातली पौर्णिमेला. पिल्लं निघणार पुढच्या पौर्णिमेला. आणि तिसऱ्याच दिवशी वरच्या जंगलाने पाटी लावली:

'येत्या दशमीस तळ्याचा दरवाजा उघडून नदीत पाणी सोडण्यात येईल. नदीतील सर्वांनी नोंद घ्यावी.'

टिटवीबाईने नोंद घेतली आणि अशी ओरडली की तीन झाडांवरचे बगळे उडाले.

"दशमीला? अहो, माझी अंडी पौर्णिमेला फुटायचीत! अंडी काय उचलून काखेत मारू?"

जंगलाने लगेच कबूतर पाठवलं, की बाबांनो, दरवाजा पौर्णिमेपर्यंत थांबवा. कबूतर संध्याकाळी परत आलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तोंडी निरोप बंद झालेत. कंप्युटरवरून पाठवा."

"अरे, पण तू तिथे त्यांच्या समोर उभा होतास ना?"

"होतो. म्हणाले, तुम्ही आम्हाला दिसताय, पण आलेले दिसत नाही."

झालं. आता कंप्युटरवरून निरोप पाठवायचा, तर प्रोग्राम लिहायला हवा. या जंगलातून त्या जंगलात निरोप नेणारा प्रोग्राम. तो लिहायचा 'सी' नावाच्या भाषेत. ज्याने तिचं नाव ठेवलं, तो एका अक्षरावर भागवणारा चिकट मनुष्य असावा. भाषाही तशीच आहे.

काम दिलं विणूभाऊ सुगरणीला. सुगरण म्हणतात, पण घरटं विणतो नर. नाव बायकोचं आणि कष्ट नवऱ्याचे, असं जगात हे एकच उदाहरण, म्हणून बाप्ये ते फार सांगतात. विणूभाऊंनी दोन दिवसांत प्रोग्राम विणला. चोचीत धरून पिंगळेगुरुजींपुढे ठेवला.

आता पिंगळेगुरुजी कोण? घुबडांतले मास्तर. प्रोग्राम लिहिला म्हणजे लगेच चालत नाही. आधी तो गुरुजींनी वाचून पास करावा लागतो. त्याला कंपाइल करणं म्हणतात. गुरुजी वरून खाली वाचायचे. एक ओळ झाली की दुसरी. मागे वळून पाहायचे नाहीत. भीड कुणाची नाही. एक अर्धविराम राहिला तर चाळीस चुका काढायचे, त्यातल्या एकोणचाळीस त्यांच्या स्वतःच्या असायच्या.

आणि प्रोग्रामच्या डोक्यावर लिहायची असतात जाणत्यांची नावं. लग्नपत्रिकेवर 'आमचे येथे' करून नावं असतात ना, तशी. फरक एवढाच, की पत्रिकेवरचे आजोबा जेवून जातात, आणि हे जाणते आपली वही घेऊन येतात. वहीत लिहिलेलं असतं, खिडकी म्हणजे काय, पत्ता म्हणजे काय, निरोप म्हणजे काय. या वहीला हेडर फाइल म्हणतात. गुरुजी पहिलं नाव वाचतात, त्याची वही ऐकतात, मग दुसरं नाव, दुसरी वही. एखादा शब्द कुणी आधी समजावला नसेल तर गुरुजी म्हणतात, "हे काय असतं? माहीत नाही. चूक."

पहिल्या ओळीत विणूभाऊंनी लिहिलं हत्तीरावांचं नाव.

दुसरं कुणाचं लिहिणार? जंगलात पाच पिढ्यांची रीत होती. कुठलीही यादी हत्तीरावांच्या नावाने सुरू व्हायची. शेपटीचा अभंग असला तरी नमन सोंडेला. आणि खरं सांगायचं तर हत्तीरावांच्या वहीशिवाय चालतही नव्हतं. कंप्युटरचा पडदा, खिडक्या, बटणं, सगळं त्यांच्या वहीत.

पण मोठी माणसं एकटी येत नाहीत. त्यांच्याबरोबर मोटारीत आणखी कोणी तरी असतं. हत्तीरावांबरोबर यायचे कूर्माजीमामा. कासव. हत्तीचा मामा कासव कसा, ते विचारू नका. मोठ्यांच्या नातेवाइकांची चौकशी केली की आपलेच नातेवाईक अडचणीत येतात.

दुसऱ्या ओळीत नाव होतं चिंगूताई खारीचं. नवी पिढी. तुरुतुरु. तिच्या वहीत परगावी निरोप पाठवायची नवी पद्धत होती.

गुरुजींनी वाचायला सुरुवात केली.

"हत्तीराव."

हत्तीरावांनी वही उघडली. त्यात पहिल्याच पानावर होतं, 'आधी आमचे मामा बोलतील.' मामांनी मान बाहेर काढली.

"पत्ता म्हणजे झाडाचं नाव आणि फांदीचा नंबर. बस." मान आत.

मग हत्तीरावांनी खिडक्या, पडदे, बटणं सांगितली. गुरुजींनी मान डोलावली.

"पुढे. चिंगूताई खार."

"पत्ता म्हणजे," चिंगूताई म्हणाली, "झाडाचं नाव, फांदीचा नंबर आणि ढोलीचा नंबर."

"चूक!" गुरुजींचे डोळे वाटीएवढे झाले. "पत्ता म्हणजे काय ते एकदा सांगून झालंय. परत सांगता, आणि निराळंच सांगता! एका शब्दाचे दोन बाप? उठा सगळे!"

विणूभाऊ घामाघूम. "गुरुजी, दोन्ही एकच हो, जरा जुनं-नवं."

"मला जुनं-नवं कळत नाही. मला दोन कळतं."

सहा दिवस राहिले होते दशमीला.

सगळे वडाखाली जमले. कोल्हेसाहेब सल्ला द्यायला आले. सल्ला देणाऱ्याला बोलवावं लागत नाही.

"सोपं आहे. चिंगीचं नाव खोडा."

खोडलं. गुरुजींनी वाचलं. अर्ध्यावर थांबले. "ढोलीचा नंबर? हे काय असतं? माहीत नाही. चूक."

"मग ढोलीचा नंबरही खोडा."

"साहेब," विणूभाऊ काकुळतीने म्हणाला, "वरच्या जंगलाचा कंप्युटर उंबराच्या तिसऱ्या फांदीवर सातव्या ढोलीत आहे. सहाव्या ढोलीत आग्यामोहोळ आहे. नंबर नाही घातला तर निरोप माशांना जाईल."

"जाऊ दे की. निदान कुणाला तरी जाईल."

मग कुणी म्हणालं, मामांनी आपल्या शब्दाला 'जुना पत्ता' म्हणावं. मामांनी मान बाहेर काढली, "माझ्या आजोबांपासून पत्ता म्हणजे पत्ता. मी जुना कशाने? माझं वय काय?" दोनशे दहा होतं.

अस्वलाने गुरुजींच्या कानांत कापूस घालून पाहिला. गुरुजी बारीकसारीक कुरबुरी करेनासे झाले, एवढा फायदा झाला. चूक मात्र त्यांना वहीत दिसलीच. दिसणाऱ्याला कापूस काय करणार?

शेवटी समिती नेमली. अध्यक्ष हत्तीराव.

समितीत विषय निघाला तो निराळाच. चिंगूताईचं नाव हत्तीरावांच्या लगेच खाली कसं? मध्ये एक ओळ मोकळी नको का? यावर पाच दिवस गेले. मोकळी ओळ सोडली. गुरुजी मोकळी ओळ वाचतच नाहीत. चूक तीच.

दशमी उजाडली.

टिटवीबाई अंड्यांवर पंख पसरून बसली होती. नदीच्या वरच्या वळणाकडे तिची मान वळलेली. कुठे खळखळ ऐकू आली की अंग आकसायची. खळखळ म्हणजे रानडुक्कर वाळलेल्या पाल्यातून चालायचं. तिला काठावरून सगळे म्हणाले, बाई गं, वर ये, जीव वाचव. ती म्हणाली, "जीव चार तुकड्यांत इथे खाली पडलाय. वर काय आणू?"

दुपार झाली. संध्याकाळ झाली. पाणी आलं नाही.

लगेच कोल्हेसाहेब म्हणाले, "माझ्या सल्ल्याचा परिणाम." अस्वल म्हणालं, "कापसाचा." समितीने स्वतःचं अभिनंदन करून घेतलं. टिटवीबाई मात्र हलली नाही. आज नाही आलं, उद्या येईल. पाटी काही काढलेली नव्हती. फाशी लांबली म्हणून दोर कुणी घरी नेत नाही.

अंडी घातल्यापासून तेराव्या दिवशी चिंगूताई तिच्यासाठी चार किडे घेऊन वाळूत उतरली.

"चिंगे," टिटवीबाई किडा गिळत म्हणाली, "मामा तुला अडतात. मग तू मामांच्या आधी का बसत नाहीस?"

"तेच तर! मी आधी बसले तर काही तंटाच नाही बघा, मावशी. माझ्या वहीत दोन रुमाल आहेत."

"कसले रुमाल?"

"एस.टी.त खिडकीतून जागा धरायला टाकतात ना, तसले. बोलून झालं की आपल्या जागेवर रुमाल टाकायचा. परत हाक आली तर रुमाल बघायचा आणि मुकाट जायचं. मी एक माझ्या जागेवर टाकते आणि दुसरा मामांच्या. मग मामा येतात, रुमाल बघतात, म्हणतात, चला, बोलायचं वाचलं. मामा आळशी आहेत, मनाचे वाईट नाहीत."

"आणि मामा आधी बसले तर?"

"त्यांच्याकडे माझा रुमाल नाहीच. त्यांच्या वेळी मी कुठे जन्मले होते?"

टिटवीबाईने पोटाखालच्या अंड्यांकडे पाहिलं. टोकं आत, बुडं बाहेर. मग ओरडली, "विण्या! ए विण्या! इकडे ये!"

विणूभाऊ उडत आला.

"चिंगीची ओळ उचल. हत्तीरावांच्या वर ठेव. झालं."

विणूभाऊंच्या चोचीतली काडी पडली. "हत्तीरावांच्या वर? खार? मावशी, माझं घरटं ज्या बाभळीवर आहे ना, तिथेच हत्तीराव रोज पाठ खाजवतात. उद्या जरा जोरात खाजवली तर?"

"माझी चार अंडी आहेत."

"माझीही दोन आहेत, मावशी."

इथे, बाळांनो, कुणाला हसू येत असेल त्याने आपापल्या ऑफिसात साहेबांचं नाव शेवटी टाकून बघावं. मग परत यावं. आलाच तर.

हत्तीराव रोज दुपारी नदी ओलांडायचे. वाळूतून. त्या दिवशीही आले.

"पाय जपून!" टिटवीबाई नेहमीसारखी ओरडली. "डावीकडून जा! आणखी डावीकडून!"

"ओरडू नकोस गं टिटवे. दिसतंय मला."

"आजोबा, एक विचारू? परवा सशाच्या लग्नात तुम्ही किती वाजता गेलात?"

"सगळे बसल्यावर."

"आधी कोण आलं होतं?"

"सतरंज्या घालणारे. आणि बेडूक, ते वाजंत्री म्हणून."

"म्हणजे मोठा माणूस शेवटी येतो."

"अर्थात!"

"मग प्रोग्रामच्या यादीत तुम्हाला सतरंज्या घालायच्या जागी कुणी बसवलंय?"

हत्तीरावांची सोंड हवेत थांबली. कान हलायचे थांबले. पाच पिढ्यांचा अपमान एकदम लक्षात यायचा म्हणजे वेळ लागतो.

"पहिली ओळ," ते हळूच म्हणाले, "म्हणजे सतरंजी?"

"मी काय बोलू? मी वाळूतली बाई."

"विणू!" हत्तीराव गरजले. बाभळीवरून दोन घरटी पडली. नशिबाने जुनी होती. "आमचं नाव शेवटी घ्या! आमच्या आधी कुणीही चालेल, खार चालेल, पण आमच्यानंतर कुणी दिसता कामा नये! आणि पौर्णिमेला आमचा सत्कार ठेवा. त्याआधी कंपाइल-बिंपाइल काही करायचं नाही. मुहूर्त तोच."

असा पौर्णिमेपर्यंत मुक्काम पडला. टिटवीबाईने कपाळाला पंख लावला, पण करणार काय? रोज बसायची, रोज वळणाकडे बघायची. पाणी रोज येत नव्हतं. का येत नव्हतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पौर्णिमेच्या सकाळी टकटक झाली. आतून. एक अंडं फुटलं, मग दुसरं, मग तिसरं. टिटवीची पिल्लं तुमच्यासारखी पंचवीस वर्षं घरात बसत नाहीत. अंग वाळलं की चालू लागतात. तिघंही काड्यांसारख्या पायांनी तुरुतुरु काठ चढून वर गेली आणि किडे टिपू लागली. चौथं अंडं मात्र अजून आतून टकटक करत होतं. टिटवीबाई त्याच्यावर बसून राहिली.

"लवकर रे बाबा. घरात सगळ्यात मोठा असल्यासारखा काय शेवटी येतोस?"

काठावर सत्काराची तयारी झाली. हत्तीरावांनी वही मामांबरोबर पुढे पाठवली होती. स्वतः सगळे बसल्यावर येणार होते. तोवर गुरुजींनी वाचायला घेतलं.

"चिंगूताई खार." चिंगूताई बोलली. दोन रुमाल टाकले.

"हत्तीराव." वही उघडली. 'आधी आमचे मामा बोलतील.' मामांनी मान बाहेर काढली, रुमाल पाहिला, म्हणाले, "वा," आणि मान आत घेतली.

गुरुजी खालपर्यंत वाचत गेले. शेवटच्या ओळीला डोळे मिटले.

"चूक नाही."

वड हादरला. विणूभाऊ रडायलाच लागला. निरोप गेला: 'दरवाजा उघडू नका. नदीत टिटवीबाईचं अंडं आहे.'

क्षणात उत्तर आलं. अहो, परजंगलातून! सगळे पडद्यावर वाकले.

'निरोप मिळाला. अंड्याचं बघू. आधी हे सांगा, तुमचा प्रोग्राम पास कसा झाला? आमचा दरवाजा उघडायचा प्रोग्राम दशमीपासून अडकलाय. आमचेही हत्तीराव आहेत. आमचेही मामा आहेत.'

बाळांनो, माणूस असो की सुगरण, एखाद्या अडलेल्या गोष्टीचं उत्तर आपल्याला येतं असं कळलं, की ते पोटात राहत नाही. विणूभाऊंचे पंख बटणांवर कधी पडले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

'अगदी सोपं आहे! हत्तीचं नाव शेवटी टाका!'

"विण्या!" वाळूतून टिटवीबाई किंचाळली. "काय सांगितलंस त्यांना?"

विणूभाऊंनी पडद्याकडे पाहिलं. मग नदीकडे.

उत्तर आलं. 'फार आभारी आहोत! पास झाला! दरवाजा आपोआप उघडला. अंड्यासाठी विहित नमुन्यात अर्ज करा.'

आणि वळणावर खळखळ झाली. या वेळी रानडुक्कर नव्हतं.

टिटवीबाई अंड्याभोवती पंख आपटत नाचू लागली. चोचीने ढकलून पाहिलं, अंडं वाळूत रुतलं. काठावरून सगळे ओरडले. कोल्हेसाहेबांनी सल्लाही दिला, पण पाण्याच्या आवाजात तो ऐकू आला नाही, हे एक बरं झालं. पाणी भुऱ्या फेसाचं, काटक्या पुढे घेऊन, धावत आलं.

आणि नदीच्या मधोमध, सगळे बसल्यावर पोचायचं म्हणून मुद्दाम हळूहळू चालत, हत्तीराव येत होते.

"आजोबा! डावीकडे नको! उजवीकडे या! उजवीकडे!"

"रोज डावीकडे म्हणतेस, आज उजवीकडे," हत्तीराव कुरकुरले. पण आले. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा त्यांना खाली काही तरी दिसलं. शेंगदाणा उचलावा तसं सोंडेच्या टोकाने त्यांनी अंडं अलगद उचललं आणि डोक्यावर धरलं. टिटवीबाई त्यांच्या पाठीवर. पाणी पोटाला लागलं. हत्तीराव आपल्याच चालीने काठावर आले. घाई केली नाही. प्रमुख पाहुणे घाई करत नाहीत.

सत्काराच्या जागी पोचले, तेव्हा सोंडेवर टक् झालं. अंडं फुटलं. ओलं पिल्लू बाहेर आलं, हत्तीरावांच्या सोंडेवरून डोळ्यापर्यंत चढलं आणि डोळ्यावरची माशी टिपली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. हत्तीराव तासभर बोलले. विषय होता, शेवटी येण्याचं महत्त्व. चिंगूताईचं नाव त्यांनी घेतलं नाही, विणूभाऊंचं घेतलं नाही. टिटवीबाई मागच्या रांगेत बसून पिल्लं मोजत होती. एक, दोन, तीन, चार. परत एक, दोन, तीन, चार. तिला भाषणातलं अक्षर ऐकू आलं नाही.

गुरुजींनी कानातला कापूस काढलाच नव्हता. त्यांनाही नाही.

तात्पर्य: मानपानाचं भांडण घाईघाईने मिटवू नये, त्याखाली कुणाची तरी अंडी उबत असतात. आणि मिटलंच, तर कसं मिटलं ते वरच्या जंगलाला कळवू नये.